साउंडबॉक्स बोलतो, सासूबाई बेरीज करतात

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३९ वर्षांची, सांगलीतली. घरून कांदा-लसूण मसाला आणि चटण्या विकते, गिऱ्हाईकं क्यूआर स्कॅन करून पैसे देतात. खातं नवऱ्याबरोबर जॉइंट आहे आणि मेसेज त्यांच्या मोबाईलवर जातात. पैसे आले की साउंडबॉक्स मोठ्यानं आकडा सांगतो आणि हॉलमध्ये सासूबाई मनातल्या मनात बेरीज करत बसतात. माहेर खानापूर तालुक्यात, आई एकटी, तिला महिन्याला ३,००० रुपये पाठवते आणि दर महिन्याला 'परत पाठवलेस का?' हा प्रश्न ठरलेला. 'मारत नाहीत, पीत नाहीत, नुसतं विचारतात' असं तिनंच लिहिलंय. कधीमधी रोख पैसे देणारी गिऱ्हाईकं असतात, त्यातले १,४०,००० रुपये वाळक्या मिरचीच्या डब्यात साठलेत. भावाचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, आत्या, टेलिग्रामवरच्या ग्रुपमधून यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) घे, त्याचं मोनेरो (व्यवहार लपवणारं क्रिप्टो नाणं) कर, कुणाच्या बापाला कळणार नाही, सरकारलासुद्धा नाही, आणि सरकार घाबरतं म्हणजेच त्यात दम आहे. त्याला १०,००० दिलेतही. शिवाय बेंगळुरूच्या दुकानदारांना यूपीआय बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या हे ऐकल्यापासून क्यूआर काढूनच टाकावा असं वाटतंय. विचारलंय असं, की हे बेकायदेशीर आहे का, सरकार असल्या पैशाच्या इतकं मागे का लागतं, आणि आपला पैसा कुणाला दिसू नये असं वाटणं चूक आहे का?

अगं-तुगं करते, राग मानू नकोस, पत्रात तूच 'काकू' म्हटलंयस. आणि साउंडबॉक्सचं वाचून मी इतकी हसले की आमच्या ह्यांनी येऊन विचारलं काय झालं. हसू ओसरल्यावर पत्र परत वाचलं आणि एक गोष्ट केली, पेन घेऊन मोजलं. तुझ्या पत्रात 'सरकार' हा शब्द चार वेळा आलाय आणि 'हे विचारतात', 'घरी विचारतात', 'आई विचारतात' (म्हणजे सासूबाई) मिळून अकरा वेळा. एकतीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली गं, मोजायची सवय सुटत नाही. तर तू मला सरकारबद्दल तीन प्रश्न विचारलेस, पण तुझा पैसा ज्यांना दिसायला नकोय ते लोक दिल्लीत नाहीत, ते तुझ्या हॉलमध्ये बसलेत. हे आधी नीट बघू, कारण भाच्यानं सांगितलेलं औषध एका आजाराचं आणि तुझं दुखणं दुसरंच असं मला वाटतंय.

नोव्हेंबर २०१६ आठवतो का? ८ तारखेला रात्री ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या आणि दोन दिवसांनी बँक उघडली तेव्हा आमच्या काउंटरसमोर ज्या बायका आल्या ना, त्यातल्या निम्म्या मी आयुष्यात बँकेत कधी बघितल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या नोटेला वेगळा वास. कुणाच्या हिंगाचा, कुणाच्या डांबरगोळीचा, एकीच्या नोटा तर हळदीनं अशा पिवळ्या झालेल्या की मशीन त्या मोजेना, हातानं मोजाव्या लागल्या. सरकारनं सांगितलं होतं की घरगुती बायकांनी अडीच लाखांपर्यंत भरले तर कुणी चौकशी करणार नाही. पण एक बाई, पन्नाशीच्या, २३,००० भरले आणि पासबुक पुढं सरकवताना हळूच म्हणाल्या, 'मॅडम, एंट्री तेवढी मारू नका, घरी बघतात.' मी काय करणार, पासबुक मशीनमध्ये गेलं की ते छापणारच. छापलं. तो आवाज अजून कानात आहे माझ्या. तेव्हा इन्कम टॅक्सला त्या बाईंचं काही देणंघेणं नव्हतं आणि त्यांनाही इन्कम टॅक्सची भीती नव्हती. म्हणून सांगते, पैसा दिसू नये असं वाटणं चूक नाही. ज्यांनी आयुष्यभर डब्यात पैसे ठेवले त्या सगळ्या काय चोर होत्या? २४ ऑगस्ट २०१७ ला तर सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलंय की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं.

आता पहिला. बेकायदेशीर आहे का? नाही, पण त्याला मोकळं रानही म्हणता यायचं नाही. रिझर्व्ह बँकेनं ६ एप्रिल २०१८ ला बँकांना सांगितलं होतं की क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायचा नाही, ते सर्क्युलर आमच्याही टेबलावर आलं होतं. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं. मग सरकारनं दुसरी वाट धरली, बंदी नको, कर लावू. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सपाट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि त्याच वर्षी जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. मार्च २०२३ ला हे सगळे एक्स्चेंज (क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्या) मनी लाँड्रिंगच्या कायद्याखाली आणले, म्हणजे त्यांनी गिऱ्हाईकाचं केवायसी करायचं आणि संशयास्पद काही दिसलं की कळवायचं. गंमत बघ, नव्या करपद्धतीत आता १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर रिबेट मिळून कर शून्य होतो, पण ही सवलत क्रिप्टोला नाही. म्हणजे तू डंकावर उभी राहून मसाल्यात १,००० रुपये मिळवलेस तर तुझ्या उत्पन्नात त्यावर कर शून्य, आणि मोनेरोत १,००० मिळाले तर ३१२ रुपये सरकारचे. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळा तक्ताच आहे. सरकारच्या नजरेत न येता राहायला निघालेली बाई थेट त्या तक्त्यात जाऊन बसते.

दुसरा प्रश्न, सरकार असल्या पैशाच्या इतकं मागे का लागतं, मला सगळ्यात आवडला. आमच्या बँकेत पैसे काढायला आलं की आधी पितळी टोकन मिळायचं, आठवतं? ते ज्याच्या हातात तो मालक, कॅशियर नंबर बघायचा, चेहरा नाही. असलंच टोकन कॉम्प्युटरवर करता येईल का हा विचार डेव्हिड चॉम नावाच्या अमेरिकन माणसानं १९८२ च्या सुमारास केला, बिटकॉइनच्या पंचवीसेक वर्षं आधी. त्याची युक्ती कार्बन पेपरवाल्यांना लगेच कळेल अशी आहे. तू एका चिठ्ठीवर तुझ्या मनानं एक लांबलचक नंबर लिहायचा, चिठ्ठी आतून कार्बन लावलेल्या पाकिटात घालून बंद करायची. बँक तुझ्या खात्यातून १०० रुपये वजा करणार आणि पाकिटावर वरून शिक्का मारणार, शिक्का कार्बनमधून आतल्या चिठ्ठीवर उमटणार, पण बँकेनं नंबर बघितलेला नाही. तू घरी येऊन चिठ्ठी काढायचीस, दुकानदाराला द्यायचीस, तो बँकेत नेणार, बँक म्हणणार शिक्का आमचाच, हा नंबर आधी कुणी वटवलेला नाही, घ्या १०० रुपये. पण ती चिठ्ठी कुणाची हे बँकेला शेवटपर्यंत कळत नाही. आणि बारकाई अशी की यात देणारा लपतो, घेणारा लपत नाही, दुकानदाराची कमाई बँकेत दिसतेच. म्हणजे कर चुकवणाऱ्याला याचा काही उपयोग नाही, उपयोग आहे तो कुणी काय विकत घेतलं हे दुसऱ्याला कळू नये असं वाटणाऱ्याला. मला विचारशील तर इतका सभ्य गुप्त पैसा पुन्हा झाला नाही. चॉमनं कंपनी काढली, डिजिकॅश, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या मार्क ट्वेन बँकेनं १९९५ ला तो चालवूनही बघितला आणि १९९८ ला कंपनी दिवाळखोरीत गेली. सरकारनं गळा दाबला म्हणून नाही हं. दुकानदार घेईनात म्हणून गिऱ्हाईक येईना आणि गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार घेईनात, क्रेडिट कार्डावर सगळ्यांचं भागत होतं. तुझा भाचा हा भाग सांगत नाही कारण त्यात व्हिलन नाही.

सरकार मागे लागतं त्याची कारणं खोटी नाहीत. खंडणी, चोरीचा पैसा, लाच, हे सगळं गुप्त पैशात आरामात फिरतं. टॉर्नेडो कॅश म्हणून एक प्रकार होता, शंभर जणांचे पैसे एका हंड्यात ढवळायचे आणि पुन्हा वाटून द्यायचे म्हणजे कुणाचे कुठले कळू नये. उत्तर कोरियाच्या हॅकर्सनी त्यात चोरीचे पैसे धुतले म्हणून ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेनं त्यावर निर्बंध घातले, मार्च २०२५ ला ते उठवले, पण मधल्या काळात तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी एकाला नेदरलँड्सच्या कोर्टानं ६४ महिन्यांची शिक्षा सुनावली. आता हंडा बनवणारा गुन्हेगार की त्यात चोरी ढवळणारा, यावर वकील भांडत बसलेत, बसू देत. युरोपनंही नियम केलाय की जुलै २०२७ पासून तिथल्या एक्स्चेंजना मोनेरोसारखी लपणारी नाणी ठेवता येणार नाहीत. पण सरकार बघतंय म्हणजे चांगल्यासाठीच बघतंय असंही मी म्हणणार नाही. कॅनडात २०२२ ला ट्रकवाल्यांचं आंदोलन झालं तेव्हा सरकारनं आणीबाणीचा कायदा लावून लोकांची बँक खाती गोठवली आणि जानेवारी २०२४ ला तिथल्याच कोर्टानं तो कायदा लावणं अवाजवी ठरवलं. पैसा एका बटणावर बंद होतो हे ज्यानं एकदा बघितलं त्याला गुप्त पैशाचं वेड का लागतं ते मला कळतं. आमची ऑगस्ट २०१९ ची महापुराची गोष्टच घे, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या आसपास, गावात लाइट नाही, रेंज नाही, एटीएम पाण्यात. तेव्हा दूधवाल्यानं, होडीवाल्यानं फक्त नोट घेतली. ओली, चिखलाची, पण नोट. आम्ही नंतर बँकेत नोटांच्या गड्ड्या पंख्याखाली वाळत घातल्या होत्या.

मात्र 'सरकार घाबरतं म्हणजे त्यात दम आहे' हे काही पटलं नाही. महाराष्ट्र सरकारनं २०१२ ला गुटख्यावर बंदी घातली, म्हणून काय गुटखा पौष्टिक झाला?

आता भाच्याच्या प्लॅनवर येते, कारण तो कागदावर छान आहे आणि तुझ्या घरात दोन दिवस टिकणार नाही. आधी यूएसडीटी. ते गुप्त नाहीच मुळी. बिटकॉइन काय, यूएसडीटी काय, त्यांचं खातेपुस्तक जगाला उघडं असतं, चावडीवर लावलेल्या यादीसारखं, फक्त नावांच्या जागी टोपणनावं. एकदा कुठल्या एक्स्चेंजवर तुझं पॅन त्या टोपणनावाला चिकटलं की मागचं पुढचं सगळं वाचता येतं. शिवाय यूएसडीटी काढणारी टिथर कंपनी मनात आलं की एखाद्या पत्त्यावरचे पैसे गोठवू शकते आणि गोठवतेही. मोनेरो खरोखर लपतं, २०१४ पासून आहे, पण तू मोनेरोपर्यंत पोचणार कशी? टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला यूपीआय करून. तो यूपीआय कुठल्या खात्यातून? जॉइंट. मेसेज कुणाच्या मोबाईलवर? म्हणजे आज 'आईला ३,०००' असा मेसेज येतोय तर उद्या भलत्याच कुणा 'एंटरप्रायझेस'ला २०,००० असा येणार, आणि आई हे नाव तरी ह्यांच्या ओळखीचं आहे गं. बरं डब्यातली रोकड भाच्याच्या हातात दिलीस तर व्यवहार त्याच्या नावावर, तुझ्याकडे काय राहिलं? आणि मोनेरोच्या वॉलेटची चावी म्हणजे पंचवीस शब्दांची यादी असते, ती हरवली की पैसे गेले, कुठल्याही ऑफिसात अर्ज करता येत नाही. ते पंचवीस शब्द तू लिहून कुठं ठेवणार? मिरचीच्या डब्यात. मग पैसेच तिथं काय वाईट होते!

पण खरी भीती वेगळीच आहे आणि ही सगळ्यांसाठी सांगते, कारण या महिन्यात अशी आणखी दोन पत्रं आलीत. आमच्या गल्लीतला एक मुलगा, चांगला शिकलेला, असल्याच ग्रुपवर यूएसडीटी विकायचा, शंभरामागं दीड-दोन रुपये सुटतात म्हणून. एक दिवस त्याच्या खात्यातून दुधाचे ६० रुपये जाईनात. बँकेत गेला तर कळलं की दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांनी खात्यावर होल्ड टाकलाय. झालं होतं असं की तिकडं कुणा म्हातारीला फसवून पैसे काढले, तिनं १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस पैशाच्या मागं मागं एका खात्यातून दुसऱ्या खात्यात आले आणि चौथं-पाचवं खातं याचं निघालं, कारण याच्याकडून यूएसडीटी घेणाऱ्यानं तेच पैसे त्याला पाठवले होते. ६,२०० रुपयांसाठी पगाराचं खातं अडकलं, सुटायला सात महिने लागले, त्या पोलीस स्टेशनला मेल, वकिलाचं पत्र, दोनदा रेल्वेनं वारी. त्यानं काही चोरी केली नव्हती. पण समोरचा कोण हे कळायला नको या अटीवरच तर तो धंदा चालतो, मग चोर कोण तेही त्याला कळलं नाही. तुझ्या खात्याला असा होल्ड लागला तर मसाल्याचा सीझन बुडेल, आणि खातं जॉइंट, म्हणजे ह्यांचे पैसेही अडकणार. त्या दिवशी काय काय विचारतील याचा विचार कर.

नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर गेलं तरी निर्धास्त होता येत नाही, जुलै २०२४ ला वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरचं क्रिप्टो चोरीला गेलं आणि लोकांना स्वतःचे पैसे काढायला वर्षाहून जास्त थांबावं लागलं. ज्याला हौस आहे, बुडाले तरी चालतील असे पैसे आहेत, त्यानं खुशाल करावं. आईचे ३,००० त्यात घालू नकोस.

बेंगळुरूचं काय झालं ते थोडक्यात. जुलै २०२५ ला कर्नाटकच्या कर खात्यानं यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि तिकडं 'नो यूपीआय, ओन्ली कॅश' अशा पाट्या लागल्या. मालाच्या धंद्याला जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाखांची उलाढाल आहे, तू त्याच्या जवळपास तरी आहेस का? तुझ्या पत्रातल्या आकड्यांवरून दहाव्या हिश्श्यालाही नाहीस. क्यूआर काढलास तर सरकारला काही फरक पडणार नाही, गिऱ्हाईक मात्र जाईल, आजकाल पोरांच्या खिशात सुट्टे तरी असतात का? एक गोष्ट सांभाळ. तू बेळगाव-निपाणीला पार्सल पाठवतेस असं लिहिलंयस, परराज्यात माल विकला की ती ४० लाखांची सूट लागू होत नाही, तिथं रजिस्ट्रेशन लागतं. हे एकदा सीएला विचारून घे आणि ते होईपर्यंत पार्सल कोल्हापूरच्या अलीकडंच राहू देत.

मग तू काय करायचं? तुला मोनेरो नको, तुझं स्वतःचं खातं हवंय. इतकं साधं आहे की लिहितानाच मला कसंतरी वाटतंय, पण एकतीस वर्षांत बघितलंय, बायका धंदा करतात, दागिने मोडून मशीन घेतात आणि खातं मात्र 'ह्यांच्याबरोबर'. आधी स्वतःच्या नावावर सिम. तू वापरतेस ते कुणाच्या आधारवर आहे ते बघ. मग एकटीच्या नावावर बचत खातं, घराजवळच्या बँकेत नको, जिथं मॅनेजर ह्यांना नावानं ओळखत नाही अशा शाखेत. मसाल्याचा क्यूआर त्या खात्याला जोडायचा. नॉमिनी मुलीला कर, तुझं काही बरंवाईट झालं तर पैसे तिला मिळतात, पंचवीस शब्द शोधत बसावं लागत नाही. पोस्टात आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, तिचं पुस्तक आईकडं ठेव, ती खूश होईल. डब्यातले १,४०,००० हळूहळू खात्यात भर. मोठी रक्कम भरलीस तर पॅन मागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मसाल्याच्या वहीत विक्री लिहिलेली असली की झालं. वही आहे ना? नसली तर आजपासून. आणि एक कुणी सांगत नाही ते, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर तुझ्या पॅनचं लॉगिन बहुतेक ह्यांच्या सीएनं ह्यांचाच मोबाईल आणि ईमेल टाकून उघडलेलं असणार. तुझ्या प्रत्येक खात्याचं व्याज तिथं दिसतं. नंबर बदलून घे.

साउंडबॉक्सला आवाज कमी करायचं बटण असतं, कडेला बघ. गिऱ्हाईक समोर असताना वाढव, एरवी कमी.

नोटेसारखंच काहीतरी मोबाईलमध्ये हवं असेल तर रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया आहे, १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य लोकांसाठी प्रयोग चालू आहे. बँकेच्या अॅपमध्ये १०, ५०, १०० अशा नोटाच दिसतात, व्याज मिळत नाही, आणि वॉलेटमधून वॉलेटमध्ये दिलेले पैसे बँक स्टेटमेंटात एकेक ओळीनं छापून येत नाहीत, वॉलेट भरलं आणि रिकामं केलं एवढंच येतं. २०२२ च्या टिपणात रिझर्व्ह बँकेनं छोट्या रकमांना रोखीसारखा आडोसा द्यायची भाषाही केली होती. तो आडोसा सरकारपासून किती याबद्दल मी जरा साशंक आहे, ज्याचं पाकीट त्यालाच आतलं दिसणार नाही असं कसं? पण पासबुक वाचणाऱ्यापासून मिळतो, आणि तुला तेवढाच लागतोय. मात्र आईकडं स्मार्टफोन नाही म्हणतेस, तर तिला नव्या खात्यातून तिच्या खात्यात साधं ट्रान्सफर बरं.

आता अवघड भाग. ह्यांना सांगायचं की नाही? तुला वाटतंय गुप्त म्हणजे कुणाला काहीच कळता कामा नये. मला यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. खातं आहे हे लपवलंस तर रोज धास्ती, सिम कुठं ठेवू, बँकेचं पत्र कुणी उघडलं तर, आणि कळेल त्या दिवशी भांडण पैशाचं न राहता खोटेपणाचं होईल. पण खातं आहे हे सांगून त्यात काय आहे हे न सांगणं, याला लपवणं म्हणत नाहीत. ह्यांच्या पगारातला प्रत्येक खर्च तू विचारतेस का? चहाला गाडी थांबवली की पानपट्टीवर गेले, मेसेज येतो का तुला? तर सरळ जेवताना सांग, 'धंद्याचं खातं वेगळं काढलं, हिशोबाला सोपं जातं.' हे खोटंही नाही, सीएसुद्धा हेच सांगेल. 'का?' विचारतील. विचारू देत. तू लिहिलंयस की ते नुसतं विचारतात, तर कदाचित तुलाच त्या प्रश्नात आरोप ऐकू येत असेल, कदाचित असेलही, मी तुमच्या घरात नाही. एकदा उलट विचारून बघ की आईला पाठवलेले खुपतात का. उत्तर काय येतं यावर पुढचं ठरव.

ज्या बायकांच्या घरी हे 'नुसतं विचारणं' नाही, पैसे काढून घेतात, खर्चाला देत नाहीत, हात उगारतात, त्यांनी जेवताना वगैरे काही सांगू नये. आधी कागदपत्रं आणि पैसे सुरक्षित जागी हलवावेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात पैशावरून केलेला छळही धरलाय, १८१ वर फोन करता येतो.

भाच्याला दिलेल्या १०,००० चं सांगते. ते त्याच्या नावावर आहेत, त्यावरचा कर-बिर त्याचा तो बघेल. त्याला म्हण, आत्याला परत हवेत, पण ते यूएसडीटी त्या ग्रुपवर विकू नकोस, नोंदणीकृत एक्स्चेंजवर विक आणि पैसे तुझ्या पगाराच्या खात्यातूनच मला पाठव, भलत्या माणसाच्या खात्यातून आले तर मी परत करीन. हे वाक्य असंच्या असं पाठव. पोरगं वाईट नाही, आत्याचं भलं करायला गेलं, एवढंच.

बँकेत सोमवारी जाऊ नकोस, गर्दी असते, मंगळवारी अकराच्या पुढं जा. आधार, पॅन, दोन फोटो. फॉर्म तूच भर, तिथल्या पोराला भरायला देऊ नकोस. आणि मोबाईल नंबरचा रकाना आला की जरा थांब, हात सवयीनं ह्यांचाच नंबर लिहायला लागेल.